मिठाची भट्टी

कलावंताची कला आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी एकाच भट्टीत भाजून निघतात, असे लवू परब मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना सांगत असे. ते खरेही असेल. फक्त भट्टी पेटून धूर सुटला, की हा कलावंत नाकाला पंचा लावून विहिरीपलीकडे जाऊन बसे.

लवू मुंबईच्या कलाशाळेत मातीकाम शिकला आणि परत आचऱ्याला आला, तेव्हा गावाला त्याचे काय करावे ते कळले नाही. परबांचा मुलगा मडकी करतो म्हणजे घरात काहीतरी बिनसले असणार, असे लोकांनी ठरवले. "शिकान शिकान कुंभार झालो," असे बाजारात उघड म्हणत. मडकी तरी उपयोगाची असावीत, तर तेही नाही. पाणी गार होत नसे, चुलीवर ठेवली तर तडकत. मुंबईत मात्र ती काचेच्या कपाटात ठेवत आणि त्यांच्याकडे मान तिरपी करून बघत.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत त्याने मिठाची भट्टी लावली. भट्टी पांढरीफेक तापली, की वरच्या भोकातून मूठमूठ मीठ आत टाकायचे. मिठाची वाफ होते, ती भांड्यांवर बसते, आणि भांड्याला संत्र्याच्या सालीसारखी चमकदार, खरबरीत कातडी येते. ही कृती एका इंग्रजी पुस्तकात होती. हा धूर झाडांना बाधतो, भट्टी झाडांपासून दूर असावी, असेही त्याच पानावर खाली बारीक अक्षरात होते. लवूने ते वाचले होते. दूर म्हणजे किती, हे दिलेले नसल्यामुळे त्याने तो प्रश्न सोडून दिला होता.

दगडी गडग्यापलीकडे तुळसाकाकीचा हापूस होता. काकी विधवा, एकटी. वर्षाची मीठमिरची त्या एका कलमावर चाले. त्या साली मोहर असा आला होता की पान दिसत नव्हते.

शिरोड्याचे दीड पोते मीठ भट्टीत गेले. पांढरा धूर उठला, गडगा ओलांडून गेला, कलमात शिरला आणि तिथेच रेंगाळला. दोनतीन दिवसांनी लवूने भट्टी उघडली. आतल्या बरण्या त्याने एकेक करून बाहेर काढल्या. अशी कातडी त्याने पुस्तकातल्या चित्रातही पाहिली नव्हती. एक बरणी उजेडात धरावी म्हणून तो वळला, आणि तिच्यामागे त्याला कलम दिसले. मोहर काळा पडला होता.

 तो बरणी घेऊन आत गेला आणि त्याने दार लोटून घेतले. तेव्हापासून त्याने बाजार सोडला. देवळाकडची वाट सोडली. कोणी हाक मारली तर आतून "कामात आसंय" म्हणे.

एका सकाळी काकी स्वतःच गडग्याशी आली. आता शिव्या बसणार म्हणून लवू खाली मान घालून पुढे झाला.

"लवू, तुझ्या भट्टीक काय झाला नाय मां?" काकीने विचारले.

"नाय. कित्याक?"

"माझ्या हातान चूक झाली रे. जाग्याच्या राखणदाराक भाकरीचो रोट देवचो रवलो. मार्गशीर्षात दितंय, औंदा पायात कळ होती म्हणान इसारलंय. तो कोपलो. बघ मोहर. माका वाटला, शेजारची भट्टी, तुझा काय फुटला बिटला तर माझ्या माथ्यार पाप."

फुटले काहीच नव्हते, उलट जन्मात अशी भट्टी लागली नव्हती.  लवूने बरण्यांतली एक आणून तिच्या हातात दिली. काकीने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतली.

उरलेल्या मुंबईला गेल्या. प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले. एका जाणकाराने छापून आणले, की या भांड्यांतून कोकणच्या भूमीचा हुंकार ऐकू येतो. लवूला तो हुंकार रोज सकाळी गडग्यापलीकडून ऐकू येत असे. काकी वाळका मोहर झाडून गोळा करी.

शेवटी असह्य होऊन तो तिच्या पडवीत जाऊन बसला.

"काकी, मोहर राखणदारान नाय नेलो. माझ्या धुरान गेलो. मी मीठ टाकलंय."

"खंय?"

"भट्टीत."

"कित्याक?"

"मडक्याक चकाकी येवक."

काकीने हातातली केरसुणी खाली ठेवली. "झिला, मिठान मोहर जळता तर दर्याकडचे आंबे कसे रवले?"

लवूने पुस्तक आणले होते. ते पान उघडून बोट ठेवले.

"कोणी लिवल्यान ह्यां?"

"एका सायबान."

"तो आचऱ्याक कधी इल्लो?"

लवूने पुस्तक मिटले. काकीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि पेज वाढली. तो निघाला तेव्हा म्हणाली, "माझा पाप तू आपल्यार घेतंस, बरो आसस. पण देवाक फसवू नको."

मग तिने देवळात कौल लावला. गुरवाने देवाला कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले, रोट चुकला म्हणून मोहर गेला असेल तर उजवी दे. उजवी कळी पडली. खांबाआड उभा असलेला लवू देवाकडून निर्दोष सुटला आणि घरी येऊन जेवला नाही.

त्याने भट्टीचे मिठाचे भोक विटांनी बुजवले. यापुढे साधी झिलई. पुढच्या साली कलम आंब्यांनी वाकले. काकीने राखणदार शांत झाला म्हणून पहिली पाटी लवूकडे धाडली. लवूने पहिला आंबा चव न घेता खाल्ला. पुढच्यांच्या बाबतीत त्याला ते जमले नाही, आणि त्याचीही त्याला लाज वाटली.

मुंबईवाले मिठाच्या बरण्या मागत राहिले. लवू गुळगुळीत वाडगे पाठवत राहिला. जाणकाराने आधी त्याला संयम म्हटले, नंतर थकवा, नंतर काहीच म्हटले नाही.

चौसष्ट साली आंब्याचा व्यापारी गंगाराम काकीचे कलम बघायला आला. लवू काकीजवळ पडवीतच बसला होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याने विषय काढला.

"अठ्ठावनाक काकीचो मोहर गेललो, आठवता?"

"अठ्ठावनाक कोणाचो रवललो?" गंगाराम झाडावरची नजर न काढता म्हणाला. "पंधरा दिस ढगांचा मळब बसललां. देवगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळो करपलो. ज्याच्या दारात आंबो आसा त्याका इचार."

लवू काकीकडे वळला. "तुका म्हायत होता?"

"म्हायत नसाक काय झाला? गाव रडत होतो. तू दार लावन बसललंस."

"मगे कौल कित्याक लावलंस?"

"लोकांचो कित्याक गेलो तां लोकांनी बगूचा," काकी म्हणाली. "माझो रोट रवललो, म्हणान माझो गेलो."

अंगणात कोंबड्या बरणीतले पाणी पीत होत्या. लवू उठून घरी आला आणि पायरीवर बसून आपल्या आवाराकडे बघत राहिला. नारळ होते. एक फणस होता. आंबा नव्हता.