कोशाचा धागा

पवनीच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला जागतिकीकरण शिकवताना भूगोलाच्या सरांनी विचारलं, "कोणाच्या घरी हातमाग आहे?" तेजस्विनीनं हात वर केला. माग दोन वर्षांपासून बंद आहे, हे मात्र ती बोलली नाही.

सर खूश झाले. "शुक्रवारी सगळे हिच्या घरी. पुस्तकातलं डोळ्यांनी पाहू."

तिचा बाप भैय्यालाल राईस मिलमधून येऊन पाय धूत होता. शुक्रवारी वर्ग येणार हे तिनं सांगितलं, तसा त्याचा हात थांबला.

"काहून सांगितलं तू?"

आई शेवंताबाई म्हणाली, "आता नाही कसं म्हणता? येऊ द्या पोरायले."

शुक्रवारी भैय्यालालनं मिलमध्ये खाडा केला. मागावरची जळमटं काढली, अर्धवट राहिलेल्या ताण्याचे उभे धागे सारखे केले आणि धुतलेला सदरा घालून मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. तीस मुलं दारापर्यंत दाटली.

"काका, हा रेशमाचा कोसा इथलाच?" सरांनी विचारलं.

"पहिले इथलाच होता. आता सूत चीनचं येते, साहेब. अन् साड्या मशीनवरच्या."

"लिहून घ्या," सर मुलांना म्हणाले.

भैय्यालालनं आडवा धागा नेणारा धोटा फेकला. पोती वाहून वाहून त्याचे हात चिरले होते. बारीक धागा त्या चिरांत अडकला आणि तुटला. त्यानं गाठ मारली. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा टोकच सापडेना. मागं कोणीतरी हसलं. तेजस्विनी पुढं आली आणि खाली मान घालून तिनं धागा जोडला.

"मग बंद काहून नाही करत, काका?" एका मुलीनं साधेपणानं विचारलं.

"बंदच आहे, बाई. आज तुमच्यासाठी चालवून राहिलो."

सरांनी घड्याळ पाहिलं. "चला, उशीर झाला."

शनिवारी मिलमध्ये त्याच्या जागी दुसरा माणूस लागला होता. पंधरा दिवस काम शोधून भैय्यालाल सुरतच्या पॉवरलूमवर जायला निघाला.

स्टँडवर तेजस्विनी रडत म्हणाली, "बाबा, माह्यामुळं झालं."

"तुह्यामुळं चीनचं सूत आलं काय?" त्यानं पिशवी तिच्या हातून घेतली. "पेपर चांगला लिहिजो."

मार्चमध्ये जागतिकीकरणावर प्रश्न आला. स्थानिक उदाहरण द्या, असं खाली लिहिलं होतं. तिनं पुस्तकातलंच एक उतरवलं आणि पुढच्या प्रश्नाकडं वळली.