कोतवालांचा फुकट्या

कोतवालांना कधी कुणाचा राग येत नसे. राग यायला समोरचा माणूस आपल्या तोडीचा लागतो, आणि तसा माणूस त्यांना अजून भेटायचा होता. त्यांना नुसती कीव यायची, आणि ती नाकाच्या शेंड्यावर येऊन बसायची.

कोतवाल हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांनी सव्वीस वर्षं काढली. पंप, टाक्या आणि व्हॉल्व्ह यांच्यावर नजर ठेवणारे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात होते, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी साहेबापासून शिपायापर्यंत एकालाही कीबोर्डला बोट लावू दिलं नाही. म्हणून कोतवाल. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी घड्याळ भेट दिलं आणि हुश्श केलं. नाव मात्र त्यांच्या मागोमाग घरी आलं.

घरी मागच्या खोलीत त्यांचं स्वतःचं यंत्र होतं. त्यावर फ्रीबीएसडी. युनिक्सच्या घराण्यातली ही एक जुनी, शिस्तीची सिस्टिम. शंभरातल्या नव्याण्णवांनी हे नाव ऐकलेलं नसतं, आणि कोतवालांना सुख होतं ते त्याचंच. "म्हणजे लिनक्ससारखंच ना?" असं कुणी भाबडेपणाने विचारलं की ते चष्मा काढून पुसायला घेत.

"लिनक्स म्हणजे बारा सुतारांनी बांधलेलं घर. एकाचं दार दुसऱ्याच्या चौकटीत बसत नाही. आमचं घर एका हाताचं आहे."

"आणि त्यात राहतं एकच माणूस," त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणायची.

लेकीला ते ठकू म्हणत. ठकूने त्यांच्याच केंद्रात, त्यांच्याच हाताखाली एक वर्ष उमेदवारी केली आणि मग एक दिवस राजीनामा ठेवून निघून गेली. पुढे तिने लग्न केलं ते कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्याशी. नवराबायको आणि आणखी दोघं, असे चौघं एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून चार वर्षं एकच खेळ बनवत होते. कोतवालांनी जेवणाच्या टेबलावर जावयासमोर एवढंच म्हटलं होतं, "असू द्या. कुणीतरी रिकामटेकडंही असायला हवं. नाहीतर कामाची माणसं ओळखू कशी येणार?"

ठकूने ताट सरकवलं, नवऱ्याला उठवलं आणि गेली. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बापलेकींचं बोलणं आईच्या फोनवरून जायचं, तेही गाळून.

त्या सोमवारी फोन ठेवून बायको मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो, त्यांचा खेळ आला बाजारात. रविवारी दोघं जेवायला येऊ म्हणतायत."

"यावं की. घर त्यांचंच आहे."

"अट आहे. तुम्ही तो खेळ एकदा उघडून खेळायचा. आवडला पाहिजे असं नाही. न बघता नावं ठेवणार असाल तर ती यायची नाही. यायची नाही म्हणजे या रविवारी नाही असं नव्हे, कधीच नाही. आवाज तसा होता तिचा."

कोतवालांनी चष्मा काढला. "खेळलो म्हणून सांग."

"तिला दिसतं म्हणे तिकडे, कोण किती मिनिटं खेळलं ते. तुमच्या नावाने पाठवलाय त्यांनी. उगाच थापा मारू नका."

खरं तर हे पाच मिनिटांचं काम होतं. जावयाचा एक जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. त्यात लिनक्स होतं आणि खेळ विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानाचा क्लायंटही होता. म्हणजे दुकानात शिरायचं दारच. बायकोने लॅपटॉप पुसून पुढे ठेवला. कोतवालांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू कुणी उष्टी बशी आणून ठेवली.

"त्या डब्याला मी हात लावायचा? उघडायचाच असेल तर माझ्या यंत्रावर उघडीन."

"त्यावर चालतो का तो?"

"माझ्या यंत्राने मनात आणलं तर काहीही चालतं."

आता त्या दुकानाचा क्लायंट फ्रीबीएसडीसाठी कुणी बनवलेलाच नव्हता. होता तो लिनक्सचा. पण फ्रीबीएसडीच्या पोटात लिनक्सचा खोटा संसार मांडता येतो. एका फोल्डरात त्याची भांडीकुंडी रचायची आणि बाहेरून आलेल्या प्रोग्रामला वाटू द्यायचं की आपण आपल्याच घरी आहोत. कोतवालांनी मंगळवारी तो संसार मांडला, नाकाला रुमाल लावल्यासारखं तोंड करून. माहितीपत्रात एक सूचना होती, की असल्या परक्या प्रोग्रामवर फार विश्वास टाकू नये, त्याला वेगळं खातं द्यावं आणि त्या खात्याला कसलेही खास हक्क देऊ नयेत. ही सूचना त्यांना फार आवडली. खातं उघडताना यंत्राने नाव विचारलं. त्यांनी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: फुकट्याजावई.

"राहा म्हणावं ओसरीवर," ते स्वतःशीच हसले. "कपाटाची किल्ली मिळणार नाही."

बुधवारी क्लायंट उघडेना. जुन्या धाटणीच्या बत्तीस बिटांच्या फायली हव्यात म्हणून अडून बसला. त्या दिल्या. मग त्याच्या पोटातला ब्राउझर म्हणाला, मला राहायला पिंजरा हवा. तसला पिंजरा, म्हणजे बाकीच्या यंत्रापासून तोडलेली बंद जागा, या सिस्टिमवर मिळत नाही. कोतवालांनी त्याला पिंजऱ्याशिवाय राहायला लावलं. दर अडचणीला ते म्हणत, "बघ, एवढंसुद्धा धड बनवता येत नाही यांना," आणि बायको भाजी निवडता निवडता "हं" म्हणे. गुरुवारी दुपारी एकदाचा क्लायंट उघडला. लेकीचा खेळ यादीत होता. खालीही उतरला.

त्यांनी 'खेळा' दाबलं. खिडकी उघडली, काळी झाली, मिटली. मागे एक चौकट उरली: 'काहीतरी बिघडलं. माहिती खेळ बनवणाऱ्यांकडे पाठवू का? शेरा लिहायचा असल्यास लिहा.'

शेरा लिहायचा असल्यास! सव्वीस वर्षं ज्यांनी फक्त शेरेच मारले, त्यांना हे विचारायचं? पाठवलेलं कुणी वाचेल अशी शंकाही त्यांना शिवली नाही. केंद्रात त्यांच्या खोलीबाहेर एक तक्रारपेटी टांगलेली होती. तिची किल्ली त्यांच्याकडेच होती आणि ती त्यांनी एकदाही वापरली नव्हती. पेट्या लोकांना गप्प करायला असतात, उघडायला नसतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून त्यांनी मन मोकळं केलं. 'असला माल बाजारात आणायला धीर लागतो. तेवढा एक गुण मान्य.' पाठवलं. पुन्हा खेळा, पुन्हा काळोख. 'चार वर्षं चौघं. म्हणजे सोळा वर्षांचं अज्ञान.' पाठवलं. शुक्रवार संपेपर्यंत असे एक्केचाळीस शेरे गेले. खेळ एकदाही उघडला नाही.

शनिवारी सकाळी बायको म्हणाली, "लॅपटॉप काढू का?"

"नको."

"मग उद्यासाठी भाजी किती आणू? दोघांची की चौघांची?"

कोतवाल पडद्याकडे वळले. त्या दिवशी पहिल्यांदा नाकाच्या शेंड्यावर काही नव्हतं.

बाराच्या सुमारास फोन वाजला. बायकोने उचलला, ऐकलं आणि पदर तोंडाला लावून त्यांच्या हातात दिला.

"नमस्कार करतो बाबा," पलीकडून आवाज आला. "मी फुकट्या बोलतोय."

कोतवाल खुर्चीत बसलेलेच होते, ते आणखी बसले.

"खेळ बंद पडला की रिपोर्ट आमच्याकडे येतो," जावई शांतपणे सांगत होता. "त्यात सिस्टिम कुठली, फाइल कुठल्या फोल्डरात, सगळं असतं. फोल्डरवर खात्याचं नाव असतं. आख्ख्या दुनियेत आमचा खेळ फ्रीबीएसडीवर चालवणारा एकच माणूस निघाला, आणि त्याचं नाव फुकट्याजावई. शोधायला फार वेळ नाही लागला."

"ते… ते नाव यंत्रानेच…"

"असेल, असेल. यंत्रं फार टाकून बोलतात हल्ली."

"शेरे ठकूने वाचले?"

"पहिले तेवीस. मग माझ्याकडे ढकलले."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तब्येत ठणठणीत दिसते बाबांची."

कोतवालांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. बायको दाराशी खांदे हलवत उभी होती.

"बाबा, एक विचारू? तुम्ही त्या बिचाऱ्या खात्याला व्हिडिओच्या गटात घातलंय का?"

"कशाला? त्याला कसलेही हक्क…"

बोलता बोलता ते थांबले. फ्रीबीएसडीवर ग्राफिक्स कार्डला हात लावायचा तर त्या खात्याला एका गटात घालावं लागतं. त्यांच्या स्वतःच्या खात्याला त्यांनी ते बारा वर्षांपूर्वी केलं होतं आणि विसरले होते. केंद्रातल्या पडद्यांवर तर नुसते आकडेच दिसत, तिथे ग्राफिक्सचं कामच नव्हतं. एक ओळ. नवशिक्यालाही ठाऊक असलेली एक ओळ.

"तुम्ही त्याला हक्क दिले नाहीत," जावई म्हणाला, "आणि दिसत काही नाही म्हणून त्यालाच एक्केचाळीस वेळा शिव्या घातल्यात. असो. रिपोर्ट मात्र फार व्यवस्थित होते. आम्ही असलं काही कधी तपासलं नसतं."

"ती येणार का उद्या?"

"अट तीच आहे बाबा. इथे अजून शून्य मिनिटं दिसतायत."

फोन ठेवून कोतवालांनी ती ओळ टाइप केली. इतकं जड बोट त्यांनी उभ्या नोकरीत उचललं नव्हतं. 'खेळा' दाबलं. खिडकी काळी झाली, आणि या वेळी मिटली नाही. हळूहळू उजाडलं. एक लोखंडी दार, त्यापुढे दिव्याखाली बसलेला पहारेकरी. त्याने मान वर करून म्हटलं, "आलास का, फुकट्याजावई?" खेळाने खात्याचं नावच उचललं होतं.

बायको पोट धरून खाली बसली.

"दात काढू नकोस," कोतवाल म्हणाले आणि पुढे वाकले. ती खोली त्यांच्या ओळखीची होती, केंद्रातलीच. भिंतीवर तीन मीटर, मधला फुटक्या काचेचा. एक पाय आखूड असलेलं स्टूल, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. आणि व्हॉल्व्हचं मोठं चाक, हात घसरू नये म्हणून फडकं गुंडाळलेलं. ते फडकं त्यांनीच गुंडाळलं होतं.

दार उघडायला व्हॉल्व्ह उघडायचा होता. त्यांनी चाक डावीकडे फिरवलं, जसं सव्वीस वर्षं फिरवलं तसं. व्हॉल्व्ह आणखी घट्ट झाला. पुन्हा डावीकडे. पुन्हा घट्ट. पहारेकरी नाकाने हसला. कोतवालांनी दातओठ खाऊन चाळीस मिनिटं चाक डावीकडे फिरवलं. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा लेकीचा नंबर स्वतः लावला.

"तुझा व्हॉल्व्ह उलटा आहे," ते म्हणाले. हाक नाही, चौकशी नाही.

"माहीत आहे बाबा."

"उजवीकडे फिरवून कुठलाही व्हॉल्व्ह उघडत नसतो. शेंबड्या पोराला कळतं."

"हो. हेच म्हणाला होतात तुम्ही," ठकू म्हणाली. "कामावरच्या माझ्या पहिल्या दिवशी. मी उजवीकडे फिरवला तेव्हा. सगळ्या पाळीला बोलावून दाखवलंत, बघा माझी लेक. आठवतं?"

त्यांना आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. लोक हसले एवढं पुसटसं आठवत होतं. पण लोक तर त्यांच्या बोलण्यावर रोजच हसत.

"तुम्ही हसलात ते चालेल," ती म्हणाली. "पण नंतर कधी शिकवलं नाहीत. कीबोर्डलाही हात लावू दिला नाहीत. वर्षभर मी तुमच्या मागे उभी राहिले, बाबा."

कोतवालांनी चष्मा काढला. पुसायला काही नव्हतं तरी पुसला.

"किती मिनिटं झाली?" त्यांनी विचारलं.

"बेचाळीस. आणि अजून पहिल्याच दारात आहात. लोक इथून दोन मिनिटांत पुढे जातात."

"लोकांना व्हॉल्व्ह कळत नाहीत."

"म्हणूनच जातात." ती किंचित हसली, आणि ते हसू नाकातलं होतं. थेट बापाचं. "उद्या येतो आम्ही. त्या खात्याचं नाव बदलू नका. तुमच्या जावयाला ते स्वतः बघायचंय. आणि माझी वाट बघत बसू नका, फिरवा आता उजवीकडे."

बायको पिशवी घेऊन चौघांची भाजी आणायला निघाली. जाता जाता तिने मागच्या खोलीत डोकावलं. कोतवाल पडद्यापुढे बसून होते.

"चूक आहे हे," ते पुटपुटले. "साफ चूक."

आणि त्यांनी चाक उजवीकडे फिरवलं.