बंद आहे म्हणे

थांबा. हात लावू नका.

लाइट बंद आहे म्हणता? कोण म्हणालं? तुम्ही स्वतः बघितलं, की कुणी सांगितलं म्हणून खरं धरलं?

मी टेस्टर बोलतोय. वितीपेक्षा लहान. पुढं लोखंडी पातं, मधे पिवळं प्लास्टिक, त्याच्या आत इवलासा काचेचा दिवा आणि डोक्यावर पत्र्याची टोपी. पातं तारेला लावायचं आणि टोपीवर बोट ठेवायचं. करंट असला तर पोटातला दिवा पेटतो. टोपीवर बोट नसेल तर मी गप्प. एवढंच माझं काम. पण संशय घ्यावा तर माझ्यासारखा. मालक म्हणो, साहेब म्हणो, 'बंद आहे' या शब्दावर मी कधी विश्वास ठेवला नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते ठाऊक नाही. अंगावर काहीतरी छापलेलं होतं, ते लवकरच पुसलं. मला आठवतं ते लातूरचं दुकान, गंजगोलाईतलं. आम्ही भावंडं पुठ्ठ्याला टाचलेली. माणसं यायची आणि एकेकाला घेऊन जायची. पुढं त्यांचं काय व्हायचं तेही कानावर यायचं. एकाला रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला ठेवलं. एकाच्या पात्यानं मालक कान कोरायचा. ज्या कामाला जन्मलो ते काम कुणी देईल, असं मला तेव्हाच वाटेनासं झालं.

मग एक दिवस पकडी, हातोड्या, करवती, वायरची भेंडोळी आणि आम्ही, असे सगळे एका पेटीत भरले गेलो. पेटी टेम्पोतून निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या एका गावात शाळेत आली. सहावी ते आठवीच्या पोरांना हातानं काम शिकवायचं होतं. पुढं आयुष्यात काय काय होता येतं, ते करून बघायचं होतं. मी खूश झालो. लई खूश.

पेटी उघडली, सामान मोजलं, आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. "पोरं मोडतील," मुख्याध्यापक म्हणाले.

कुणी साहेब यायचे असले की आम्ही बाहेर. एका पोराच्या हातात पकड, एका पोरीच्या हातात मी. "इकडं बघा. हसा." फोटो झाला की परत कपाट. ज्या तारेला मला लावायचे तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नसायचं. तेव्हापासून कुणी माझ्याकडं हसून बघितलं की मला भीतीच वाटते.

अशात तनुजा मॅडम आल्या. आयटीआयमधून वायरमनचं शिकलेल्या, लग्न न झालेल्या, दर शनिवारी स्कूटीवरून येणाऱ्या. गावानं लगेच खुसपुस सुरू केली. बाईमाणूस कामून वायरी जोडतंय? हिला पैसे कोण देतंय? मलाही वाटलं, ही तरी काय करणार, फोटोच काढणार. पण तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला, पर्स कपाटात ठेवली, आमची पेटी बाहेर ओढली आणि पोरांच्या मधोमध फरशीवर उपडी केली.

"काय व्हायचंय रे तुम्हाला?" तिनं विचारलं.

निम्मे म्हणाले डॉक्टर, निम्मे म्हणाले पोलीस. एक जण म्हणाला, "मॅडम, मी रील काढणार."

"मग तुला चार्जिंग लागंल की. ये, तू पुढं बस."

कुणी करवतीला लागलं, कुणी हातोडीला. मला उचललं ते मंजुश्रीनं. सातवीतली, बारीक, दोन वेण्यांची. मॅडमनी भिंतीवरच्या बटनांच्या बोर्डाकडं बोट दाखवलं. मंजूनं पातं लावलं. टोपीवर बोट ठेवायची वेळ आली तेव्हा तिनं ते दोनदा मागं घेतलं. पण ठेवलं. आणि माझ्या पोटात दिवा पेटला. आयुष्यात पहिल्यांदा.

"पेटला!" ती ओरडली. "मॅडम, मी वायरमनच होणार."

त्या शनिवारी मॅडमनी मला तिच्यासोबत घरी धाडलं. "घरात कुठं करंट उतरतोय ते बघून ये. मोठं माणूस जवळ असतानाच. अन् हात कशालाच लावायचा न्हाई."

मंजूच्या घरात पत्र्याचा कूलर होता. मंजूनं माझं पातं त्याच्या पत्र्याला टेकवलं. मी चांगलाच पेटलो.

"अव्वा, कूलरमधी करंट हाय!"

तिची आजी गुरम्मा तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही. "हाय की. चार वर्सं झाली. चप्पल घालून हात लावावं, एवढं बी कळंना का तुला? तुझी मॅडम हेच शिकवायलीय का?"

म्हणजे अख्ख्या घराला माहीत होतं! कूलरशेजारी एक रबरी चपलेचा जोड त्याच कामासाठी ठेवलेला होता, देवळाबाहेर असतो तसा.

तेवढ्यात मंजूची आई उज्वला पाण्याची बादली घेऊन आली. मला पोरीच्या हातात बघून तिचा चेहराच बदलला.

"ते काय हाय? कुणी दिलं?"

"मॅडमनी. मम्मी, ह्याच्या टोपीवर बोट ठेवायचं, मग..."

"बोट ठेवायचं? करंटवर?" उज्वलानं मला हिसकावून घेतलं. "तुझ्या मामाचा हात इसरलीस का?"

उज्वला मला दोन बोटांत धरून उभी राहिली, पाल धरावी तशी. मग कूलरकडं बघितलं. करंट अजून आहे, की आपण नुसत्या सवयीनं चपला घालतो, ते तिला स्वतः बघायचं होतं. हे मला आवडलं. तिनं पातं पत्र्याला टेकवलं. पण टोपीवर बोट काही ठेवलं नाही. भीतीनं टोपीपासून लांबच धरलं.

मी पेटणार कसा? मी अंधारातच राहिलो.

"बघ," उज्वला म्हणाली. "आता काई करंट न्हाई. उगी भिववायलीय तुझी मॅडम."

तिनं मला खिडकीत ठेवलं. रोज ती कूलरमध्ये पाणी ओतताना चपला घालायची. आज घातल्या नाहीत. ओल्या पायांनी, बादली उचलून तिनं दुसरा हात पत्र्यावर टेकवला.

मला ओरडता येत नाही. कधीच आलं नाही.

झटका बसला आणि ती मागं फेकली गेली. बादली आडवी, घरभर पाणी. मंजूनं धावत जाऊन बटन बंद केलं. गुरम्मा छातीला हात लावून बसली. उज्वला काही वेळ नुसती हाताकडं बघत राहिली, बोटं उघडतात का, मिटतात का. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"खोटारडं," ती म्हणाली. "आजपासून त्या वर्गात पाय टाकायचा न्हाई. पुस्तक वाच, तेवढं बास."

मंजू रडली नाही. नुसती म्हणाली, "तू बोट ठेवलं न्हाईस." पण ते कुणी ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आला. उज्वलाचा थोरला भाऊ, दयानंद. उजवा हात कोपराखाली नाही. निलंग्याला स्टँडजवळ तो चपला विकतो. आधी तो झिरो वायरमन होता. झिरो वायरमन म्हणजे ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, पण खांबावर तोच चढतो. खऱ्या वायरमननं खालून सांगितलं, "चढ, लाइन बंद हाय." बंद केली होती ती शेजारच्या गावची.

"सांग हिला, दादा," उज्वला म्हणाली. "हिला वायरमन व्हायचंय."

मामानं डाव्या हातानं चहाची बशी उचलली. "डावा हात लई हुशार निघाला बघ, मंजू. इतकी वर्सं उगी बसून खाल्लं त्यानं."

"दादा, चेष्टा नको."

मामानं मला खिडकीतून उचललं, उलटसुलट बघितलं. "मला शिडी दिली होती," तो म्हणाला. "पकड दिली होती. हे न्हाई दिलं कुणी."

"म्हंजी हे दिलं की हिनं खांबावर चढायचं का?"

"तसं म्हणलो का मी?" मामानं मला परत ठेवलं. पण मंजूकडं त्याला धड बघता येईना.

पुढच्या शनिवारी सकाळी उज्वला मला पदराच्या गाठीत बांधून शाळेत आली. एकटीच. मंजूला घरी ठेवलं होतं. पण मंजू मागून आलीच, आणि दाराच्या चौकटीला चिकटून उभी राहिली.

उज्वलानं मला मॅडमच्या टेबलावर आपटलं.

"हे घ्या तुमचं. माझी पोरगी आता येणार न्हाई."

"ताई, काय झालं?"

"काय झालं? लातूरला मोठ्या लोकांची पोरं क्लासला जाऊन जाडजाड पुस्तकं वाचायलीत, डॉक्टर व्हायलीत. अन् आमच्या पोरांच्या हातात पकड देता? त्यांची पोरं डॉक्टर अन् आमची झिरो वायरमन? हेच ठरलंय ना वर?"

खरं सांगू? मला तिचा राग आला नाही. हा संशय मलाही पेटीत असल्यापासून होता. आम्हाला याच शाळेत का पाठवलं?

मॅडमनी तिला खुर्ची दिली. उज्वला बसली नाही.

"वर काय ठरलंय ते मला ठावं न्हाई," मॅडम म्हणाल्या. "मी पोरांना वायरमन करायला येत न्हाई, ताई. ज्याला व्हायचं असंल त्यानं मेलेला वायरमन होऊ नये, एवढ्यासाठी येते."

उज्वलाचा चेहरा असा झाला, की आता ही रडेल नाहीतर मारेल. मॅडमना मामाचं काही माहीत नव्हतं.

"ह्यानं फसवलं मला," ती माझ्याकडं बोट करून म्हणाली. "करंट असून पेटला न्हाई."

"टोपीवर बोट ठेवलं होतं?"

"कामून ठेवू? करंट माझ्या अंगातून जाऊ देऊ का?"

मी वाट बघत होतो, की आता मॅडम म्हणतील, 'काही होत नाही हो.' सगळे हेच म्हणतात.

"हाव, जातो," मॅडम म्हणाल्या. "अंगातूनच जातो. लई थोडा. ह्याच्या पोटात त्याला अडवायला एक तुकडा बसवलाय, म्हणून आपल्याला कळत बी न्हाई. पण जातो."

उज्वला पहिल्यांदा मॅडमकडं नीट बघायला लागली.

मॅडमनी फळ्याजवळचा बोर्ड ओढला. एक बल्ब, एक बटन. बटन दाबलं, बल्ब पेटला. परत दाबलं, विझला. "आता बंद हाय," त्या म्हणाल्या. "मंजू, ये. बल्ब काढ अन् होल्डरमधलं पितळ पूस."

"न्हाई," उज्वला ओरडली.

पण मंजू आधीच "न्हाई" म्हणाली होती. चौकटीपासून हलली सुद्धा नव्हती.

"का गं? मी म्हणतेय ना, बंद हाय."

"तुम्ही म्हणला म्हणून काय झालं?" मंजू म्हणाली. "आधी बघणार."

पोरं हसली. "मॅडमला उलट बोलायलीय!" मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः बल्ब काढला आणि बाजूला झाल्या. मंजू पुढं आली, मला उचललं, पातं होल्डरला लावलं, टोपीवर बोट ठेवलं.

बटन बंद होतं. आणि मी पेटलेला होतो.

"बटनाची वायर मुद्दाम चुकीच्या बाजूला टाकलीय मी," मॅडम म्हणाल्या. "गावात कितीतरी घरात अशीच असते. बल्ब विझतो, करंट तिथंच राहतो."

उज्वला त्या होल्डरकडं बघत होती. ती तिथं नव्हतीच. मनानं ती भाऊ चढला त्या खांबाखाली उभी होती.

मग हळूच तिनं विचारलं, "अन् हा टेस्टरच मेलेला असंल तर?"

"म्हंजी?"

"म्हंजी तिथं करंट हाय, पण ह्याचाच दिवा गेलाय. ही बघंल, अंधार. ही म्हणंल, करंट न्हाई. अन् लावंल हात. मग?"

मॅडमनी हातातला बल्ब टेबलावर ठेवला. मग पोरांकडं वळल्या. "ऐका रे. हे मी पुढच्या शनिवारी शिकवणार होते."

उज्वलानं पदर खोचला. "पुढच्या शनिवारी न्हाई. आत्ता शिकवा. मी बसलेय."

आणि ती बसली. शेवटच्या बाकावर, मंजूच्या मागं.

अजूनही बसते. दर शनिवारी. सोबत ब्लाउजला हूक लावायचं काम आणते, पण नजर बोर्डावर. मॅडम काही बोलल्या की मधेच विचारते, "कशावरून?" आधी पोरं हसायची, आता तीही विचारतात. कूलरला अर्थिंग करून घेतलं. मी तपासलं, तरी उज्वला चपला घालूनच पाणी ओतते. मंजू अजून वायरमनच म्हणते. उज्वला 'हो' म्हणत नाही, 'नाही' पण म्हणत नाही. मामानं मात्र त्याच्या दुकानातला सगळ्यात जाड तळव्याचा जोड मंजूसाठी धाडला. पैसे घेतले नाहीत, काही बोललाही नाही.

मी आता मंजूच्या कंपासपेटीत असतो. माझी काच काळवंडलीय. दिवा पेटतो, पण आधीसारखा लख्ख नाही. एक दिवस विझेल. आणि तो विझला हे मला सांगता येणार नाही. कारण तारेत करंट नसला तरी मी अंधारा, आणि मी मेलो तरी अंधारा. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणून जाता जाता एकच मागणं. मला हातात घ्याल तेव्हा, जिथं करंट नक्की आहे अशा जागी आधी लावून बघा. पेटलो, तरच मला पुढचं विचारा. विचारून झालं की पुन्हा तिथंच लावून बघा, मी मधेच गेलो नाही ना.

माझा दिवा पेटला तर माझं ऐका. पण नुसत्या माझ्या अंधारावर विसंबून पोरीचा हात तारेला लागू देऊ नका.