पंतोजींचं पेव

दिवा अर्ध्यावर जाऊनच विझला.

पुंजाराम माळ्यानं दोरी वर ओढली, काजळलेली पणती पाहिली आणि मान हलवली. पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या कोठारात, उतरण्याआधी दिवा सोडायची रीत होती. दिवा जगला तर माणूस आत जगतो. बेलखेड्यातल्या सगळ्या पेवांत पुंजारामच उतरायचा, म्हणून तो घाई करणारा नव्हता.

"पंतोजी, मांगं सरा," तो म्हणाला. "हवा खराब हाय. वास बी येऊन राहिला."

तो वास शेषराव पंतोजींना आधीच आला होता. मोतीबिंदूनं डोळे जवळजवळ गेल्यापासून त्यांचं नाक आणि कान तिखट झाले होते. जुन्या जवारीचा वास त्यांना ठाऊक होता. कोंदट असतो, पण खाण्याचा असतो. हा वास खाण्याचा नव्हता. गोठ्यातली कुजलेली वैरण आणि मेलेली घूस एकत्र केल्यासारखा तो होता, आणि तो त्यांच्या म्हातारपणातून येत होता.

कारण हे पेव म्हणजे पंतोजींचं म्हातारपणच होतं. तरुणपणी ते चांदूर बाजारहून या गावी शाळा मांडायला आले, तेव्हा गावाजवळ पगार द्यायला पैसा नव्हता. जानराव पाटलांनी तोड काढली. वर्षाचं खाणं पोरांच्या घरून मिळेल, आणि म्हातारपणासाठी देवळामागं एक पेव खणून दर वसंतपंचमीला प्रत्येक घरानं त्यात एक पायली जवारी टाकायची. पावसाळ्यात ज्याला अडेल त्यानं तीच जवारी उसनी न्यायची आणि हंगामात नवी, वर मूठभर जास्त घालून परत करायची. त्यामुळं दाणा कधी जुना होत नसे आणि पेव कधी रिकामं होत नसे. ज्या दिवशी पंतोजी म्हणतील, आता होत नाही, त्या दिवशी पेव त्यांचं. त्यांच्यामागं बायको राहिली तर तिचंही.

दर वसंतपंचमीला पोरं पाढे म्हणत पंतोजींमागं दारोदार फिरायची. जमुनाबाई, म्हणजे जानरावांची बायको, पायली इतकी शिगोशीग भरायची की दाणे ओट्यावर सांडायचे आणि कोंबड्या धावायच्या. मग सगळे पेवाशी जमायचे, पंतोजी काठावर उभे राहून आशीर्वाद द्यायचे, आणि जवारी सळसळत आत पडायची. तो आवाज ऐकून पंतोजींना वर्षभर झोप लागायची.

पुढं जानराव गेले आणि तिकडं दूर अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली. विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि बेलखेड्याच्या काळ्या मातीला अचानक सोन्याचा भाव आला. त्यानंतर या गावाचं जे झालं ते पंतोजींच्यानं पाहवलं नसतं. मोतीबिंदूनं त्यांच्यावर तेवढे उपकार केले. जो तो कपाशी पेरू लागला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्यांच्या अंगावर लंगोटीही धड नव्हती ते अत्तर लावून अमरावतीच्या बाजाराला जाऊ लागले. पोरं शाळेतून उठून वेचणीला गेली, आणि पंतोजींनी विचारलं तर बाप हसून म्हणायचे, आता आकडे शिकून काय करायचं, आकडे आपोआपच वाढून राहिलेत.

जानरावांचा मुलगा चंद्रभान या साऱ्यांत पुढं. तो पंतोजींचा विद्यार्थी, हिशोबात हुशार. ती हुशारी त्यानं दलालीत घातली. गावचा कापूस तो अकोल्याला पाठवायचा, आणि पाठवण्याआधी वजन वाढावं म्हणून त्यावर पाणी मारायचा. सगळं गाव ते जाणत होतं. कुणी काही बोलत नव्हतं, कारण सगळ्यांचा कापूस त्याच गाडीत होता. पंतोजींनी एकदा त्याला देवळासमोर झापलं. तो वाकून पाया पडला आणि म्हणाला, "पंतोजी, साऱ्या वऱ्हाडात असंच चालू हाय." पंतोजींना त्याच्या त्या हातांची शिसारी आली. पाया पडायला वाकलेल्या त्या हातांना ओल्या कापसाचा वास होता.

त्याच सुमारास, दोन वर्षांपूर्वी, सरकारी शाळांचे तपासनीस गावात आले होते. पुण्याकडचे, पगडी नीट, बोलणं त्याहून नीट. सरकार चांदूर बाजारला शाळा काढत होतं आणि त्यांना जुना, जाणता मास्तर हवा होता. पगार रोख, आणि वर म्हातारपणी पेन्शन. पंतोजींनी शब्द ऐकला होता, अर्थ विचारला. तपासनीसांनी समजावलं. सरकारी दफ्तरात नाव चढेल त्या दिवसापासून चाकरी मोजायची. ठरलेली वर्षं सलग भरली, मध्ये खंड पडला नाही, आणि वरिष्ठांचा शेरा चांगला असला, तर पुढं घरी बसून पगाराचा काही हिस्सा मिळत राहील. माणूस गेला की तोही बंद.

"अन् आजवर शिकवलं ती वर्षं?" पंतोजींनी विचारलं होतं.

"ती गावाची. सरकारची नव्हेत."

"अन् मी गेल्यावर बायकोले?"

तपासनीसांनी हात जोडले होते. नियमात तसं काही नव्हतं.

पंतोजींनी मनाशी मांडणी केली. आपलं वय झालेलं, दृष्टी उतरणीला लागलेली. सरकारची वर्षं भरेपर्यंत आपण उरणार नाही, आणि उरलो तरी आपल्यामागं बायकोच्या, माणिकबाईच्या पदरात काही पडणार नाही. पेव मात्र तिचंही होतं. पेवाला शेरा लागत नव्हता. त्यांनी सरकारला नाही म्हटलं, आणि त्या दिवशी त्यांना स्वतःच्या शहाणपणाचा चांगलाच अभिमान वाटला. आता काठावर उभं राहून त्यांना त्या अभिमानाचीही किळस येत होती.

दुपारी दिवा तळापर्यंत जगला. पुंजाराम नाकाला फडकं बांधून उतरला. गाव जमलं होतं, कारण पंतोजींनी आता होत नाही म्हटलं होतं, आज त्यांचं पेव उघडायचं होतं आणि कुणीतरी गूळही आणला होता. पहिलं घमेलं वर आलं आणि पुढच्या रांगेतली माणसं तोंड फिरवून मागं सरकली. काळा, बुळबुळीत लगदा. त्यातून वाफ निघत होती.

"जवारी नाई हे," आतून पुंजाराम ओरडला. "सरकी हाय. वरतून सारी सरकीच हाय."

पंतोजींनी घमेल्यात हात घातला. बोटांना दाणा लागला नाही. लागलं ते मऊ, गरम, तंतुमय काहीतरी, आणि ते हाताला चिकटून राहिलं. त्यांनी हात बाहेर काढला, पण झटकला नाही.

मग एकेक जण बोलू लागला. तीन हंगाम गावात जवारी पेरलीच कोणी? उसनी नेलेली जवारी परत द्यायची तर आणायची कुठून? आणि वसंतपंचमी तर चुकवायची नाही, पंतोजींचा मान. चंद्रभाननं सुचवलं होतं की रेच्यावर, म्हणजे हातचरक्यावर, रुई वेगळी काढून राहिलेली सरकी घाला, मालच आहे, सरकीलाही भाव आहे, नंतर विकून पंतोजींना जवारी घेऊन देऊ. सगळ्यांना ते पटलं. सरकी त्याच पाणी मारलेल्या कापसाची होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि कुणी बोललं नाही. ओली सरकी पेवात बंद केली, ती तापली, कुजली, आणि तिचं पाणी खालच्या जुन्या जवारीत झिरपत राहिलं.

पंतोजींना मागच्या तीन वसंतपंचम्या आठवत होत्या. काठावर उभं राहून त्यांनी आशीर्वाद दिला होता, आणि आत पडणारा आवाज सळसळता नव्हता, मंद होता, धप्प असा. तेव्हा त्यांना वाटलं होतं, पेव काठोकाठ भरत आलं, म्हणून दाणा आता जवळच पडतोय. मनातून ते सुखावले होते. घरी जाऊन माणिकबाईला म्हणालेही होते की आता आपल्याला चिंता नाही.

चंद्रभान पुढं आला. त्याचा आवाज खरंच ओशाळलेला होता, आणि त्यामुळंच पंतोजींना तो अधिक असह्य झाला. तो म्हणाला की पैसे घ्या, लागतील तेवढे घ्या, गावाला पैशाची कमी नाही. पंतोजींनी विचारलं, जवारी कुठल्या बाजारात आहे ते सांग. आजूबाजूला सगळीकडं कपाशीच होती. निजामाच्या मुलखातून कधीमधी गाड्या यायच्या, त्या वाटेतच लुटल्यासारख्या विकल्या जायच्या. आणि सरकीचा, कापसाचा भाव उद्या पडला तर हा पैसाही त्याच्या शब्दासारखाच फुकट जाणार होता.

"मंग असं करा ना," चंद्रभान म्हणाला. "शाळा चालू ठेवा. दिसत नसन तं काय झालं, पोरं बसतीन समोर. घरोघरचं खानं आमी पाठवू."

"आंधळा मास्तर पायजे तुमाले," पंतोजी म्हणाले. "गाडीतला कापूस ओला हाय का कोरडा, हे न दिसनारा."

गूळ आणलेला माणूस तो धोतराच्या सोग्यात लपवून घरी गेला.

पंतोजींनी पुंजारामला तळ खरवडायला सांगितलं. एका बाजूला कडब्याच्या अस्तराशी काही जवारी अजून दाण्याच्या रूपात होती. काळवंडलेली, उग्र, पण दाणा. ती पोत्यात भरून त्यांनी घरी आणली.

माणिकबाईनं पोतं उघडलं आणि पदर नाकाशी नेला. आयुष्यभर तिनं घरोघरचं धान्य निवडलं होतं, कुणाच्या घरचं किडकं, कुणाच्या घरचं खड्यांचं, आणि कधी तक्रार केली नव्हती.

"अवो, हे ढोरं बी खानार नाईत," ती म्हणाली. "उकिरड्यावर टाका."

"दळ," पंतोजी म्हणाले. "साऱ्या पोत्याच्या भाकरी कर. मीठ घाल बरोबर."

"आपन खाऊ हे?"

"आपन नाई."

तिनं जवारी चार पाण्यांनी धुतली, अंगणात वाळवली, शेजारणी दारं लावून घेईपर्यंत वाळवली. मग जात्यावर बसली. पीठ काळपट पडलं, भाकरी तव्यावर काळपट भाजल्या. घरभर तो वास भिनला, तिच्या केसांत, पांघरुणात. पंतोजी निघताना भाकरींच्या बुट्टीवर तिनं घरातलं एकुलतं धुतलेलं फडकं घातलं.

पंतोजींनी वसंतपंचमीचा ठेवणीतला अंगरखा घातला, पागोटं बांधलं, आणि पुंजारामच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. पोरं नव्हती, पाढे नव्हते. पण वाट तीच होती आणि घरांचा क्रम तोच. प्रत्येक दाराशी ते उभे राहायचे, पुंजाराम घरधन्याचं नाव सांगायचा, आणि पंतोजी एक भाकर काढून पुढं करायचे. "तुमच्या पायलीची हाय," एवढंच म्हणायचे.

कुणालाही ती नको म्हणता आली नाही. पंतोजींच्या घरचं अन्न परत पाठवायची कुणाची छाती नव्हती. बायका पदरात घ्यायच्या आणि मान वळवायच्या. एका घरी कर्त्या माणसानं ते चार पावलं गेल्यावर भाकर बैलापुढं धरली. चांदीच्या शेंब्यांचा तो बैल नुसता हुंगून बाजूला झाला. घुंगरांचा आवाज पंतोजींनी ऐकला, आणि ते थांबले नाहीत. कुणाला लाज वाटली, कुणाला राग आला, एक जण मागून काही पुटपुटला. पंतोजींना त्यातलं काही नको होतं. त्यांना एवढंच हवं होतं की हा वास फक्त त्यांच्या घरात राहू नये.

चंद्रभानचं नवं माडीचं घर आलं. तो ओट्यावरच होता, अकोल्याचा एक व्यापारी शेजारी बसलेला. भाकर पुढं आली तेव्हा व्यापाऱ्यानं रुमाल नाकाला लावला. चंद्रभान उठून उभा राहिला, पण त्यानं हात पुढं केला नाही.

आतून काठीचा आवाज आला. चंद्रभानची आई जमुनाबाई आता फारशी बाहेर येत नसे. नव्या घरात तिला मागची खोली दिली होती.

"कोन हाय रे?"

"पंतोजी हायेत, काकू," पुंजाराम म्हणाला.

"पंचमी तं झाली ना. अन् पायली कुठं हाय माही?" ती चाचपडत ओट्यापर्यंत आली. मग तिलाही वास आला असावा, कारण ती थबकली. तिनं मुलाकडं पाहिलं, पंतोजींच्या हाताकडं पाहिलं, आणि कुणाला काही न विचारता सारं समजून घेतलं. गावातली गोष्ट मागच्या खोलीपर्यंतही पोचते.

"मले द्या," ती म्हणाली.

"आई, राहू दे," चंद्रभान म्हणाला. "तुले बाधीन थे."

तिनं दोन्ही हातांनी भाकर घेतली आणि ओट्यावर, जिथं पूर्वी दाणे सांडायचे तिथंच, खाली बसली. तुकडा मोडला, तोंडात टाकला. दात नव्हते म्हणून तिला तो बराच वेळ घोळवावा लागला. गिळताना तिचे डोळे मिटले. मग दुसरा तुकडा. व्यापारी उठून जोडे घालू लागला. चंद्रभाननं पुन्हा एकदा आई म्हटलं आणि तो खांबाला टेकून खाली बसला.

म्हातारीनं अर्धी भाकर संपवली, उरलेली पदराच्या गाठीत बांधली. पाणी मागितलं नाही.

"माणिकले सांगा," ती म्हणाली, "मीठ बराबर झालं."

पंतोजींनी बुट्टीवरचं फडकं चाचपून नीट केलं आणि हात पुन्हा पुंजारामच्या खांद्यावर ठेवला.

"चाल," ते म्हणाले. "पुढचं घर कोनाचं हाय?"