तेवीस आणि एक

मंगळवारी सकाळी सव्वासातला सोनूबाई वारली. अकरा वाजले तरी तिच्या दारात गावातले कोणी आले नव्हते. घरात तिचा मुलगा सदू होता, सून काशी होती आणि शेजारच्या गावाहून धावत आलेला काशीचा भाऊ श्याम. तिरडी बांधून झाली होती. उचलायला माणसे दोनच होती.

गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभराचे. सदूचे घर तीन आठवड्यांपासून वाळीत होते. कारण एक मत.

१९८५च्या विधानसभेसाठी पक्षाने या मतदारसंघात नवी पद्धत करून पाहिली. एरवी उमेदवार मुंबईत ठरायचा आणि इथे नुसते नाव कळायचे. या वेळी वर्गणी भरलेल्या सभासदांनी गुप्त मतदानाने नाव निवडायचे होते. तालुका चिटणीस भास्कर आगाशे त्यासाठी दोन वर्षे मुंबईच्या खेपा घालत होते. नावे दोन आली: आंबा बागायतदार रावजी सुर्वे आणि शाळेत शिकवणाऱ्या हेमा दामले.

मतदानाच्या आधी गावाने देवाला कौल लावला. विहीर कुठे खणायची हे देवाला विचारतात, तसे उमेदवार कोण हेही विचारले. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली. उजवी रावजींची होती.

"देवानं कौल दिलान. आता गावची चोवीस मतं एका जागी," गावकर हरिश्चंद्र म्हणाले. गावाचा शब्द त्यांच्या तोंडून निघतो.

गिरणीतली नोकरी सुटल्यावर मुंबईहून परतलेला सदू मागे उभा होता. "गावकर, देवानं पक्षाची वर्गणी भरलीन काय?"

लोक हसले. हरिश्चंद्र हसले नाहीत.

मोजणीत गडबड झाली असे कोणी म्हणू नये म्हणून भास्कररावांनी प्रत्येक गावाची पेटी वेगळी मोजली आणि आकडे कार्यालयाबाहेर फळ्यावर लिहिले. या गावापुढे लिहिले होते: रावजी तेवीस, हेमा एक. संध्याकाळच्या एसटीने आकडा गावात पोचला.

सगळ्या गावांची बेरीज केल्यावर हेमाताई निवडून आल्या होत्या. आठवड्याने मुंबईहून उमेदवाराचे नाव जाहीर झाले. ते तिसऱ्याच माणसाचे होते. पक्षापुरता विषय तिथे संपला.

ते एक मत कौलाची थट्टा करणाऱ्या सदूचेच, असे गावाने धरले आणि त्याला विहीर बंद केली. त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. मत आपले होते हे कबूल करून दंड भरावा, नाहीतर देवावर हात ठेवून आपले नव्हते असे सांगावे. सदूने दोन्ही नाकारले.

मंगळवारी सोनूबाई गेल्याचा निरोप मिळाल्यावर भास्करराव स्कूटरवरून आले ते थेट देवळात गेले. हरिश्चंद्र तिथेच बसले होते.

"गावकर, पेट्या एकत्र करून मोजायला हव्या होत्या. चूक माझी आहे."

"चूक कसली? तुमी फळ्यावर लिवलंत म्हणून तर आमाला कळला."

"निदान आज तरी माणसं पाठवा."

"आमी काय म्हातारीचे वैरी? माझ्या लेकीचा बाळंतपण तिनंच केलान. सदूनं यावं, देवावर हात ठेवावा. अख्खा गाव खांद्याला येईल."

भास्करराव सदूच्या अंगणात आले. काशी त्यांना पाहून उठली नाही. "फळा तुमी लिवलात, भाऊ, आनि पानी आमचा बंद," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "सांगा काय ते सांगून टाका. आयेला अशी उन्हात ठेवायची?"

"सदू, घे शपथ," भास्करराव म्हणाले. "खोटी असली तर पाप माझ्या माथी."

"खोटी नाय, भाऊ." सदूने आवाज खाली आणला. "मत मी रावजीलाच दिलंय. आये आजारी, घरात तंटा नको होता."

"मग अडतंय कुठे?"

"मी सुटलो की बाकीच्या तेविसांना एकेक करून देवळात नेतील. कोनतरी सापडंल. त्याच्या घरी पन म्हातारी मानसं हायत."

भास्कररावांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "तिसरा खांदा माझा धर."

चौथा नव्हता. श्याम आपल्या गावातून माणूस आणायला निघाला, पण तिथलेही लोक हरिश्चंद्रांच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते, हे त्यालाच ठाऊक होते. तो खळ्यापाशी थांबला.

साडेबाराच्या सुमारास वरच्या अंगाच्या घरातून बाबल्या बाहेर आला. तोही सभासद. कौलाच्या दिवसापासून सदूशी एक शब्द बोललेला नव्हता. तो उतरत उतरत सदूच्या अंगणाभोवतीच्या दगडी गडग्यापर्यंत आला.

"बाबल्या, कुठं चाललास?" देवळाच्या पायरीवरून हरिश्चंद्रांनी हाक मारली.

बाबल्याने गडग्यावर हात ठेवला. सदूने देवळाकडे पाहिले, मग बाबल्याकडे, आणि मान हलवून नको म्हटले.

एक वाजता बाबल्या गडग्याशीच उभा होता. खांद्यावर टॉवेल होता. गडगा त्याने ओलांडलेला नव्हता.