न पेटलेला चौथा दिवा

मी चौथा दिवा बोलतोय. फुटबॉल शिकवतात त्या हॉलच्या भिंतीवर गोलपोस्ट आखलाय, त्याच्या चौकटीवर आम्ही सहा जण बसवलेले. डावीकडून मोजा; जो पेटत नाही तो मी. हसू नका, माझ्या न पेटण्यानेच इथे मोठं काम झालंय.

नवा होतो तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. गोलकीपर पोरांना चपळ करायचं, हे आमचं काम. आमच्यातला एक पेटतो, पोराने झेप घेऊन त्याला थाप मारायची, की तो विझून दुसरा पेटतो. किती वेळ लागला ते ताईंच्या टॅबलेटवर उमटतं. ताई म्हणजे इथल्या कोच. बाई कडक, पण पोरांवर जीव. कालच्यापेक्षा आज किती सुधारणा झाली ते नेमकं कळावं म्हणून त्या आम्हाला रोज एकाच क्रमाने पेटवायच्या.

थापा सगळ्यांच्याच खाल्ल्या, पण भिंगरीची बातच और. एका जागी उभी राहत नाही म्हणून भिंगरी. तिला सोडायला तिचा दादा यायचा. मागे त्यानेच मारलेला बॉल तिच्या नाकावर बसला होता. नाक बरं झालं, पण बॉल समोरून आला की तिचे डोळे गच्च मिटायचे. आणि तिला तर मुलींच्या पहिल्याच मॅचला, रविवारी, गोलमध्ये उभं राहायचं होतं!

दिव्यांवर मात्र तिचा वेळ सगळ्यांत कमी. ताई मागे उभ्या राहून, टॅबलेट बघत "वा गं पोरी!" म्हणायच्या. तिचं तोंड दिसायचं फक्त आम्हाला. डोळे मिटून थापा मारायची हो ती! पहिला, पाचवा, दुसरा, चौथा... आमचा क्रमच पाठ केला होता. लबाड कुठली! मला तिचं कौतुकही वाटायचं आणि काळजीही. खरा बॉल थोडाच क्रमाने येतो?

थापा खाऊन खाऊन एक दिवस माझा उजेड गेला. थाप तेवढी कळत होती. भिंगरीने पहिला, पाचवा, दुसरा मारला आणि माझी पाळी आली. मी काळाठिक्कर. तरी तिने झेप घेऊन सणसणीत थाप मारलीच.

"थांब," ताई म्हणाल्या. "चौथा पेटलाच नव्हता. मारलास कसा?"

भिंगरीने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि रडायलाच लागली. "ताई, डोळे उघडे राहतच नाहीत माझे. भीती वाटते. मला काढू नका ना!"

मला वाटलं, आता हिची खैर नाही. पण ताई तिच्याशेजारी खाली बसल्या. "मिटून एवढं जमतंय, तर उघडून काय करशील गं! माझंही चुकलंच. रोज तोच क्रम लावत बसले."

मग आमचा क्रम दर वेळी बदलू लागला. आधी स्पंजचा बॉल, मग खरा. टॅबलेटच्या कॅमेऱ्यात टिपलेला तिचा चेहरा ताई संथ गतीने दाखवायच्या, "हे बघ, इथे मिटले. आणि इथे? उघडे!" तिचा वेळ दुप्पट झाला. चिडली, रडली, मला एकदा रागाने गुद्दाही घातला. पण यायची थांबली नाही. धन्य ती पोर!

शनिवारी ताईंनी दादाला बॉल दिला. त्याने तो आपला हळूच ढकलला.

"दादा, लाड नकोत! जोरात मार."

"लागेल तुला."

"लागू दे!"

त्याने मारला. थेट तोंडाच्या रोखाने. भिंगरीचे डोळे टक्क उघडे! बोटांनी तिने बॉल वरच्या वर वळवला आणि तो सणकन माझ्यावर येऊन आदळला. माझी काच तडकली. दुखलं? छे हो! दादाच रडत होता आणि ती नाचत होती. "पाहिला! येताना पाहिला मी!"

आज रविवार. उद्या माझ्या जागी नवा दिवा बसणार आहे. बसवा, माझी ना नाही. फक्त मॅचचं काय झालं ते कानावर पडू द्या, मग मला काढा.

सकाळी निघता निघता भिंगरी आत आली. चवड्यांवर उभी राहून तिने माझ्या काचेवर हात ठेवला. "येते हं," म्हणाली. तिच्या उघड्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच स्वतःला बघितलं. तडकलेला होतो, पण झकास दिसत होतो.