बुडालेलं आरमार

सन अठ्ठ्याण्णवचा गणपती. आमच्या मंडळाचा देखावा हुता खांदेरीच्या लढाईचा. इंग्रजांची आठ जहाजं, त्यात एक दांडगं. आणि आपली पन्नास-साठ बारकी गलबतं. अध्यक्ष हंबीरराव म्हणाले, "केरबा, इंग्रजांची जहाजं सुतार लाकडाची करंल. आपलं आरमार तुझ्याकडं. पाण्यावर तरंगाय पायजे, बघ."

मी शिरोलीला फौंड्रीत पॅटर्नमेकर. ओतायच्या वस्तूचा लाकडी नमुना मी करायचा, त्यावर माती चोपून साचा करायचा गुंड्यानं. वीस वर्षांची जोडी आमची. ठरलं, पन्नास गलबतं ॲल्युमिनियमची ओतायची.

नमुना बघून गुंड्या म्हणाला, "केरबा, भिंत जाड वाटत्या की रं."

"तू माती चोप. मला शिकवू नगंस," मी खेकसलो.

हौदात पाणी भरलं ते थेट उद्घाटनाला. इंग्रजांची आठीच्या आठी तरंगली. आपली पन्नास सोडली, ती गुडगुड करत तळाला! पब्लिक पोट धरून हसलं. कोण तर वरडलं, "इंग्रज जिंकलं की ओ पावणं!"

हंबीरराव लालबुंद. "चूक कुणाची रं ही?"

आणि मी हलकट, एका दमात बोलून गेलो, "गुंड्याचं साचं कच्चं. गलबतांत भोकं पडल्यात."

गुंड्या वाकून तळाची गलबतं पोत्यात भराय लागला. वीस वर्षं मंडळाचा मांडव घालणारा माणूस त्यो. त्येच्या अंगावर बुडक्या गलबतांचं पोतं टाकून हंबीरराव म्हणाले, "उचल तुझा कचरा. परत मांडवात पाय ठेवू नगंस."

एक गलबत मी घरी नेलतं. मधोमध कापलं. भोक एकबी न्हाय. भिंत सहा मिलिमीटर! ओतलेला माल मशीनवर तासायचा असतोय, म्हणून आम्ही तीन मिलिमीटर जादा ठेवतो. हात सवयीनं ठेवून गेला. आता गलबतं कोण तासणार हुतं, माझा बा? लाजंनं मेल्यासारखं झालं, पण चार दिवस तोंड उघडलं न्हाय.

पाचव्या दिवशी सगळं कबूल करायचं म्हणून गुंड्याकडं गेलो. त्यो दारात कानस घिऊन बसलेला, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. पुढ्यात घमेल्यात पाच गलबतं झकास तरंगत हुती.

"तुला ठावं हुतं?" मी इचारलं.

"भिंत मापली की म्या."

"मग मांडवात बोलला का न्हाईस?"

"चारचौघांत तुझी चूक काढू व्हय? न्हे ही. पाच तर पाच."

मी ती पाच पिशवीत घालून मांडवात आलो. गलबतं हौदात सोडली. टाळ्या पडल्या. हंबीररावांनी पाठीवर थाप मारली. "शाब्बास! कुणी दुरुस्त केली रं?"

गुंड्याचं नाव जिभेवर हुतं. देवाशप्पथ हुतं.

"मी," म्हणालो.

लगीच माईकवर माझ्या नावाचा पुकारा झाला. मंडळाचा एक कर्णा गुंड्याच्या दारासमोरच्या खांबाला बांधलेला हुता. त्या साली त्यो मीच बांधलता.